वाचकांचे प्रश्न : झुलू नाचगाणं बसवताना

गेल्या अंकात दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या सामूहिक नाचगाण्यांची ओळख करून दिली होती. शेत, गुरं, पाणी, लग्नघर, शेजारपाजार हे त्या गाण्यांचे विषय. एक जण गाणं उचलतो, बाकीचे झेलतात आणि सगळ्यांचे पाय ताल धरतात, हा त्या लेखाचा गाभा. शाळांची स्नेहसंमेलनं तोंडावर आल्यामुळे असेल, पण पत्रं आली ती जवळजवळ सगळी ‘हे बसवायचं कसं’ असं विचारणारी. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : सातवीच्या मुलींसाठी झुलू गाणं घ्यायचं ठरवलं आहे. पण शब्द पाहिले तर दोनच ओळी! आम्हाला चार मिनिटं दिली आहेत. मधे मराठी कडवी घालावीत का?
*– एक शिक्षिका, जुळे सोलापूर*

कडवी घालू नका. दोन ओळी कमी पडतात असं वाटतं, कारण आपण गाणं म्हटलं की ध्रुवपद आणि कडवी शोधतो. झुलू समूहगाणं गोल फिरतं. त्यात निदान दोन पट्टे असतात, एक म्होरक्याचा आणि एक समूहाचा. ते दोन्ही एकाच क्षणी सुरू होत नाहीत आणि एकाच क्षणी संपतही नाहीत. पोवाड्यात शाहिराची ओळ पुरी झाली की मग झीलकरी ‘जी जी’ धरतात. इथे म्होरक्याचा शेवटचा स्वर अजून हवेत असतानाच समूह आत शिरतो, आणि समूहाचा शेवटचा स्वर चालू असतानाच म्होरक्या पुढची हाक देतो. गाण्याचा सगळा आनंद या एकमेकांवर चढण्यात आहे. तो साधला तर चार मिनिटं अपुरी वाटतील. तो साधला नाही तर पन्नास ओळी असल्या तरी गाणं मेलेलंच राहील.

सरावासाठी अगदी साधे शब्द घ्या. म्होरकी म्हणेल, ‘वोझानी नोंके’ (या, सगळे या). समूह म्हणेल, ‘सियाज्याबुला सोंके’ (आम्ही सगळे आनंदात आहोत). आठ मात्रांचं एक आवर्तन धरा. म्होरकीचा ‘वो’ पहिल्या मात्रेवर, ‘झानी’ दुसरीवर, ‘नों’ तिसरीवर, ‘के’ चौथीवर. तो ‘के’ पाचवी संपेपर्यंत लांबवायचा. समूहाने चौथ्या मात्रेवरच ‘सिया’ उचलायचं, पाचवीवर ‘ज्या’, सहावीवर ‘बू’, सातवीवर ‘ला’, आठवीवर ‘सों’, आणि ‘के’ पडणार पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे म्होरकीच्या नव्या ‘वो’वर. दुसरी आणि तिसरी मात्रा समूहाला श्वासासाठी मोकळी. पहिल्या दिवशी हमखास चुकतं ते चौथ्या मात्रेवर. मुली सवयीने बाईंचं वाक्य संपायची वाट पाहतात आणि सहावीवर घुसतात. त्यावर उपाय असा: म्होरकीला गप्प बसवून समूहाला फक्त चौथीपासून पहिलीपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, मोठ्याने मात्रा मोजत. समूह स्वतःच्या पायावर उभा राहिला की मगच म्होरकीला आत सोडा.

आता चार मिनिटांचा हिशेब. मिनिटाला 100 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन 4.8 सेकंदांचं होतं आणि चार मिनिटांत बरोबर 50 आवर्तनं बसतात. पहिली 4 म्होरकी एकटी गाईल, मागे समूहाचा नुसता गुणगुणता सूर. पुढची 8 समूहाच्या शब्दांसह, उभ्या जागी, फक्त टाळ्या. मग 12 पावलांसह. त्यानंतरच्या 16 आवर्तनांत दोन-दोन मुली ओळीतून पुढे येतील, दोन आवर्तनं नाचतील आणि परत जागेवर जातील; म्हणजे सोळा जणींना पुढे यायला मिळतं. शेवटची 10 सगळ्यांची मिळून. या काळात म्होरकीने हाक बदलत राहायची: ‘वोझानी बोमामा’ (या, आयांनो), ‘वोझानी बोबाबा’ (या, बाबांनो), ‘वोझानी बान्त्वाना’ (या, मुलांनो). समूहाचे शब्द मात्र तेच. कडव्यांची जागा ही हाक भरून काढते. खऱ्या गाण्यातही म्होरक्याला ही मोकळीक असते. आलेल्या पाहुण्याचं नाव घेणं, आळशी शेजाऱ्याला चिमटा काढणं, यजमानाच्या गुरांचं कौतुक करणं हे तो तिथल्या तिथे जोडतो. म्हणून म्होरकी निवडताना सर्वांत गोड गळा शोधू नका. जिचा आवाज लांब जातो आणि जी प्रसंग पाहून शब्द बदलू शकते, ती मुलगी घ्या.

ध्वनिमुद्रित ट्रॅकवर हे करू नका. म्होरकीला कुठे एक आवर्तन जास्त घ्यावंसं वाटलं तर ट्रॅक तिच्यासाठी थांबत नाही.

प्रश्न : सर, आमचं लेझीम पथक आहे. व्हिडिओ बघून ते पाय वर उचलून आपटायचं शिकायलोय. चार दिवसांत पोरांचे गुडघे आणि नडग्या लई दुखायलेत. चुकतंय कुठं?
*– पथकातला एक जण, पूर्व भाग*

पहिला प्रश्न तुम्हालाच: सराव कशावर करता? घरासमोरच्या शहाबादी फरशीवर किंवा गच्चीवर करत असाल तर निम्मं दुखणं तिथलंच आहे. तुम्ही पाहता तो नाच बहुधा ‘इंडलामू’, तरुण पुरुषांचा आपटीचा नाच. तो मातीच्या अंगणात वाढला. माती थोडी दबते आणि धक्का पोटात घेते. फरशी तो जसाच्या तसा नडगीत परत पाठवते. मैदानावर जा, मुरूम नव्हे तर माती असलेली जागा शोधा, खडे वेचून काढा. फरशीवर सतरंजी अंथरण्याची युक्ती करू नका; ती सरकते आणि घोटा मुरगळतो.

दुसरी गोष्ट टेकणाऱ्या पायाची. लेझीममध्ये तुम्ही चवड्यावर उसळता, शरीर ताठ असतं. इंडलामूत वजन खाली ठेवायचं असतं. दोन्ही गुडघे कायम थोडे वाकलेले, कंबरेतून धड किंचित पुढे, नजर समोर. ज्या पायावर उभे आहात त्याचा गुडघा ताठ झाला की दुसऱ्या पायाचा धक्का सरळ कंबरेत जातो. उचललेला पाय खाली येताना गुडघा आधी सैल करा आणि तळवा संपूर्ण, सपाट, एकाच वेळी टेकवा. टाच आधी पडली तर ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि नडगी दुखते. चवडा आधी पडला तर आवाजच येत नाही आणि पोटरी भरून येते. सपाट तळव्याचा आवाज ‘धप्प’ असा भरीव असतो. कानाने ओळखा, डोळ्यांनी नको. एकाने पाठ करून उभं राहावं आणि फक्त आवाजावरून सांगावं की कोणाचा पाय चुकीचा पडला.

तिसरं, उंची. तिथले सरावलेले नाचे पाय डोक्याच्याही वर नेतात. लहानपणापासून केलेल्या त्या कामाची पहिल्या आठवड्यात नक्कल कराल तर मांडीच्या मागची शीर ओढली जाणार. पहिले पंधरा दिवस गुडघा फक्त कंबरेपर्यंत. पाय सरळ वर फेकायचा असेल तेव्हा तो मांडीच्या जोरावर जायला हवा. पाठ मागे टाकून पाय वर नेण्याची खोड लागली की तोल जातो आणि आपट उशिरा पडते.

वर दिलेल्या आठ मात्रांवर पावलं अशी बसवा: उजवा 1 वर, डावा 3 वर, उजवा 5 वर, ही तिन्ही छोटी. 7 वर डाव्या पायाची मोठी आपट. 8 वर पाय रिकामा. टाळ्या 2, 4 आणि 6 वर. आठवीवर टाळीही नको, म्हणजे मोठ्या आपटीनंतर नुसता आवाज तरंगतो आणि पुढची हाक त्या पोकळीत नेमकी पडते. पथकातल्या पोरांना रिकामी मात्रा भरायचा मोह होतो. तिथे आवरा.

मोठ्या आपटीचा सराव दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी हवीच. नडगीच्या हाडावर बोट ठेवून ‘इथंच दुखतंय’ असं कोणी नेमकं दाखवत असेल तर त्याला थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या पथकात ती होणार: लय पळणार. पोरं दमली की पाय कमी उचलतात. कमी उचललेला पाय लवकर खाली येतो, त्याच्या मागे शेजारचा येतो आणि दोन मिनिटांत 100 ची लय 120 वर जाते. ‘हळू, हळू’ ओरडून ती खाली येत नाही. पाय पुन्हा ठरलेल्या उंचीवर न्या, लय आपोआप बसेल.

प्रश्न : आमचा हौशी गायकांचा गट आहे, सगळे शास्त्रीय शिकलेले. ऐकलेल्या झुलू गाण्यांत तीन-चार स्वर एकदम येतात. आम्ही गायला लागलो की सगळे एकाच सुरावर जातो. सरगममध्ये सांगता येईल का?
*– सात रस्ता परिसर*

सांगता येईल, आणि वाटतं त्यापेक्षा ते सोपं आहे. आधी थोडा इतिहास. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात चार आवाजांची प्रार्थनागीतं आणली. मूळच्या एकमेकांवर चढणाऱ्या गायनात ती रीत मुरली आणि खाणींच्या, बंदरांच्या गावांत राहणाऱ्या कामगारांनी त्यातून नवी गायकी उभी केली. ‘इसिकाथामिया’ ही वाद्यांशिवायची पुरुषांची गायकी त्यातलीच. जोसेफ शबालाला यांनी 1960 च्या सुमारास उभा केलेला लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो हा गट जगभर ऐकला गेला तो याच गायकीसाठी. त्यात खर्जाचे आवाज सर्वांत जास्त असतात आणि वरच्या पट्ट्या एखाद-दोन गळ्यांवर चालतात. आपल्याकडचे गट नेमकं उलट करतात. वर गर्दी, खाली एक जण.

शहरी झुलू गाण्यांत फार वापरला जाणारा स्वरसंघांचा एक फेरा आहे. तो आठ मात्रांत दोन-दोन मात्रांचे चार टप्पे करून बसतो. सगळे स्वर शुद्ध. खर्ज: सा, मंद्र म, मंद्र प, मंद्र प. त्यावरचा पहिला आवाज: सा, सा, सा, मंद्र नि. दुसरा: ग, म, ग, रे. तिसरा: प, ध, प, प. झालं. प्रत्येक आवाज शेजारच्या स्वराच्या पलीकडे जात नाही, उडी फक्त खर्जाला आहे. समूह चौथ्या मात्रेवर उचलत असल्यामुळे त्याची सुरुवात दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर होते (खर्ज म वर) आणि शेवट पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सा मध्ये. म्होरक्याची चाल यावर मोकळी, पण तिने वरून खाली उतरत यावं. झुलू भाषेत स्वराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि त्यांच्या चालीही बहुधा वरून सुरू होऊन खाली विसावतात.

स्त्री-पुरुष मिश्र गट असेल तर पेटीची पांढरी चार हा सा धरा. बायकांना वरचा ध सहज जातो आणि पुरुषांना मंद्र म वर घशाने ओढावं लागत नाही. सोळा जण असतील तर सात खर्जाला, तीन-तीन वरच्या आवाजांना. बसण्याची व्यवस्था आवाजांप्रमाणे गट करून नको. दोन भिन्न आवाजांचे लोक शेजारी बसवून आधी दोघांनाच गाऊ द्या. शेजारच्याचा स्वर कानावर येत असताना स्वतःचा धरून ठेवणं हाच इथला रियाज आहे.

तानपुरा बंद ठेवा. तो सा-प धरून बसतो आणि दुसऱ्या टप्प्यात म-ध-सा आला की त्याचा प खुपतो. पेटी चालेल, पण फक्त शिकताना. आणि तुम्ही सगळे शास्त्रीय शिकलेले म्हणून सांगायला हवं: मींड, मुरकी, आस, काही नको. एक जण जरी ग वरून म वर घसरत गेला तरी चार आवाजांची भिंत तिथेच फुटते. स्वर सरळ लावा आणि सरळ सोडा.

प्रश्न : उच्चार बरोबर होतात की नाही हे कसं कळणार? इथे झुलू बोलणारं कोणी नाही.
*– एक पालक, विजापूर रोड*

मराठी माणसाला ही भाषा इंग्रजी माणसापेक्षा सोपी जाते. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. शब्द स्वरावर संपतो आणि तो स्वर पूर्ण म्हणायचा, गिळायचा नाही. रोमन लिपीत ‘पीएच’, ‘टीएच’, ‘केएच’ दिसलं की फ, थ, ख असा महाप्राण करायचा. इंग्रजी वळणाने दात-ओठांचा ‘फ’ केला तर चुकलं. ‘एखाया’ (घरी) मधला ख आपला ‘खांब’मधलाच.

अडतं ते आपल्या दोन प्रकारच्या ज आणि झ वर. ‘जाबुला’ असं लिहून दिलं तर सोलापूरची मुलं ‘जागा’मधला ज म्हणतात. हवा ‘जन्म’मधला. म्हणून वर मुद्दाम ‘ज्या’ लिहिलं आहे. ‘वोझानी’त मात्र ‘माझा’मधला मऊ झ हवा. शब्द नुसते बोलून घोटताना वाक्याच्या शेवटून दुसरं अक्षर लांबवायचं: ‘सोंऽके’. शेवटचं अक्षर ताणण्याची आपली सवय इथे मोडावी लागते.

‘एचएल’ या जोडीसाठी जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा दोन्ही बाजूंनी सोडा, गळ्याचा आवाज न करता. आणि तीन चटकारे. रोमन ‘सी’ म्हणजे हळहळताना आपण ‘च्च् च्च्’ करतो तो. ‘एक्स’ म्हणजे बैलाला हाकताना जिभेची कड गालाकडून सोडतात तो. ‘क्यू’ म्हणजे जीभ टाळूला चिकटवून खाली आपटली की येणारा ‘टॉक्’. तिन्ही आवाज प्रत्येक मुलाला येतात. अवघड आहे ते शब्दाच्या मधे, पुढच्या स्वराला चिकटवून म्हणणं. आधी ‘आ’ दोन्ही बाजूंनी लावून घोटा. पहिल्या वर्षी चटकारे नसलेलं गाणं निवडलंत तर उत्तम.

प्रश्न : हलगी घेतली तर चालेल का?
*– होटगी रोड*

नको. परंपरेने झुलू नाचात ढोलाला फारसं स्थान नव्हतं. टाळ्या, पायांची आपट, ढालीवर पडणारी काठी, एवढ्यावर ताल चालत असे. आज दिसणारा ‘इसिगुभू’ हा मोठा ढोल युरोपीय लष्करी बँडच्या ढोलावरून आला. अगदीच हवा असेल तर एक मोठा ढोल, फक्त सातव्या मात्रेवर. हलगीचा कडक, भरगच्च ठेका आपट आणि रिकामी आठवी मात्रा दोन्ही खाऊन टाकतो. ती हलगीची खोट नाही, तिचं काम वेगळं आहे. घुंगरूही याच कारणाने टाळा.

प्रश्न : मुलींना बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड, पिसं आणि ती पसरट लाल टोपी घालायचं शाळेत ठरतं आहे. चेहरे रंगवावेत असंही कोणी सुचवलं. आपलं मत?
*– एक आई, अशोक चौक*

चेहरे काळे रंगवणं साफ नको. तो कोणत्याही लोकांचा पोशाख नाही, अपमान आहे, आणि तो करायला लावला की स्वतःचा दोष नसताना मुली त्यात सापडतात. हे मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा.

पसरट टोपी म्हणजे ‘इसिकोलो’. ती लग्न झालेल्या बाईची. चामड्याचा घागरा ‘इसिद्वाबा’ हाही विवाहितेचाच. सातवीच्या मुलींना ती घालणं म्हणजे आपल्याकडे त्यांना मंगळसूत्र घालून स्टेजवर पाठवण्यासारखं. बिबट्याचं कातडं परंपरेने राजघराण्याचं आणि सरदारांचं. पुरुष नाचे कमरेमागे वासराच्या कातड्याचं ‘इबेशू’ आणि दंड-पोटऱ्यांना गाईच्या शेपटीच्या केसांचे झुबके ‘अमाशोबा’ बांधतात. त्यांची कागदी नक्कल तिसऱ्या आवर्तनात सुटते आणि पायात येते.

सुती कपडे घाला, सोलापूरचेच. सगळ्यांचा एक रंग, वर साधी मण्यांची माळ. घागऱ्याचा काठ नडगीच्या मध्यापर्यंत हवा, कारण प्रेक्षकाला पाऊल दिसलंच पाहिजे. अनवाणी नाचायचं; आदल्या दिवशी रंगमंचावरचे खिळे आणि फटी हाताने चाचपून घ्या. कपड्यांचे पैसे वाचतील ते एका जास्तीच्या माईकवर खर्च करा.

प्रश्न : हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या बंद सभागृहात आवाजाची व्यवस्था कशी असावी?
*– एक संयोजक*

म्होरकीला स्वतंत्र माईक, समूहाला छातीच्या उंचीवर उभे दोन माईक, दोन्ही बाजूंनी साधारण एक मीटर पुढे. हातात माईक कोणालाच नको, टाळ्या वाजवायच्या आहेत. पायांसाठी माईक लावू नका. लाकडी मंच आधीच घुमतो, आणि समूहाच्या माईकमध्ये ती घुमघुम शिरली की शब्द ऐकू येत नाहीत. ध्वनिसंयोजकाला त्या माईकचे खालचे स्वर कमी करायला सांगा. म्होरकीकडे वळवलेला एक मॉनिटर स्पीकर आवश्यक आहे. तिला मागचा समूह ऐकू आला नाही तर ती वाट पाहायला लागते, आणि मग सगळी गुंफण उसवते. तालीम किमान एकदा त्याच मंचावर, प्रेक्षागृहाचे दरवाजे बंद करून घ्या.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताची सुरुवात झुलूत आहे असं ऐकलं. त्यावरच नाच बसवला तर?
*– बारावीचा विद्यार्थी*

राष्ट्रगीतावर नाच कुठल्याच देशाच्या बसवू नये. त्याच्या पहिल्या दोन ओळी खोसा भाषेतल्या, पुढच्या दोन झुलूतल्या. मग सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी येतात. मूळ प्रार्थना एनॉक सोंटोंगा यांनी 1897 मध्ये रचली, आणि आजचं जोडलेलं रूप 1997 पासूनचं. ते उभं राहून गायचं. झुलूतल्या ‘अमाहुबो’ या कुळांच्या गंभीर गाण्यांनाही स्नेहसंमेलनात जागा नाही. आनंदाची गाणी भरपूर आहेत, तीच घ्या.

प्रश्न : मधूनच बायका तोंडाने एक कंप पावणारा आवाज काढतात तो काय? आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना शिकायचा आहे!
*– बाळीवेस*

झुलूत त्याला ‘उकुकिकिझा’ म्हणतात. बंगालात लग्नाला उलुध्वनी करतात, त्याच्या जवळचा. तोंड अर्धं उघडं, सूर वरचा आणि सपाट, आणि जीभ डावी-उजवीकडे शक्य तितक्या वेगाने. घसा ताणायचा नाही. सूर चेहऱ्याच्या पुढच्या भागात ठेवला तर वयस्क बाईलाही दम लागत नाही. सुरुवातीला जीभ दहा-बारा हेलकाव्यांत थकते. रोज दोन मिनिटं केलं तर आठवड्याभरात जमतं.

करायचा कधी, हे महत्त्वाचं. कोणी ओळीतून पुढे येऊन सुंदर नाचलं की तिची वाहवा म्हणून, एका आवर्तनापुरता. सगळ्या मंडळाने सगळा वेळ केला तर तो गोंगाट होतो. दोघी-तिघी निवडा, आणि त्या प्रेक्षकांत बसल्या तरी चालेल. तिथे अंगणात नाचणारे आणि पाहणारे यांच्यात अशी रेघ नसतेच.

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी इर्जिक असायची, सगळं गाव एकाचं रान नांगरायला जायचं. झुलू लोकांत तसं काही आहे का? आणि आमची भलरी या गाण्यासोबत घेता येईल का?
*– एक शेतकरी, मंगळवेढा*

आहे, आणि तुमच्या इर्जिकेच्या फार जवळचं आहे. त्याला ‘इलिमो’ म्हणतात. ज्याचं रान आहे तो शेजाऱ्यांना बोलावतो, सगळे मिळून नांगरणी, खुरपणी किंवा काढणी उरकतात, आणि मजुरीऐवजी यजमान खाऊ-पिऊ घालतो. पिणं म्हणजे घरची बियर. तिला लागतं ते मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ, जोडीला बहुतेक मक्याचं. ज्वारीला त्यांचा शब्द ‘अमाबेले’. मंगळवेढ्याच्या माणसाला हे परकं वाटू नये. ‘अमाहेवू’ हे मक्याचं आंबवलेलं बिनदारूचं पेयही तिथे घरोघरी असतं. कार्यक्रमाला मुलांसाठी काही ठेवायचं असेल तर आपली ज्वारीची आंबील त्याच्या जोडीला शोभेल.

ओळीत उभे राहून कुदळी मारताना सगळ्यांच्या कुदळी एकाच मात्रेवर पडाव्यात म्हणून गाणं लागतं. ज्याचा हात मागे पडतो त्याला गाणं ओढून घेतं. भलरीचं कामही हेच. पण दोन्ही एका गाण्यात मिसळू नका. भलरीत म्होरक्याची ओळ पुरी होऊ देऊन मग झील पडते, आणि चाल एकाच सुरात चालते; झुलू गाण्यात समूह आधीच शिरतो आणि चार आवाज लागतात. मिसळलं की दोन्हींची ओढ जाते. लागोपाठ दोन वेगळी गाणी म्हणून घ्या. मधे अर्ध्या मिनिटाचं निवेदन ठेवा, इर्जिक आणि इलिमो या दोन्हींविषयी दोन-दोन वाक्यं. तेवढ्यात सा बदलायलाही वेळ मिळतो, कारण तुमचे भलरी म्हणणारे बहुधा पांढरी चारपेक्षा वरच्या पट्टीत गातात. भलरी आधी घ्या आणि झुलू गाणं नंतर. चार मिनिटं पाय आपटून झाल्यावर वरच्या पट्टीतली भलरी म्हणायला कोणाच्या छातीत दम राहत नाही.